परदेशची कमाई आणि चवदार तळ्याचे पाणी : डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे चरित्र

महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांत असे घर विरळाच आढळेल की, ज्यातील एकही मनुष्य पोटासाठी गावाबाहेर गेलेला नाही. सावित्रीच्या खोऱ्यात डोंगर फार आणि भातजमीन थोडी. पाऊस चार महिने धो धो कोसळतो, आणि उरलेले आठ महिने वरकस जमीन उघडी पडून राहते. यास्तव पूर्वीचे लोक पलटणीत गेले, मुंबईच्या गोदीत व गिरणीत गेले. पुढे गिरण्याही बंद पडल्या, आणि आता कित्येकांची दृष्टी समुद्रापलीकडे, आखाती देशांकडे व त्याहूनही दूर लागली आहे. मुलास परदेशी पाठवावे काय, त्यासाठी जमीन गहाण ठेवावी काय, आणि इतके करून घराचे खरोखर बरे होते काय, हे प्रश्न आपल्या मंडळ्यांतील आईबापांपुढे उभे आहेत.

या प्रश्नांचे उत्तर नुसत्या होकाराने किंवा नकाराने देता येत नाही. म्हणून आम्ही आज एका मोठ्या पुरुषाचे चरित्र याच दृष्टीने वाचकांपुढे ठेवीत आहोत. ते म्हणजे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर होत. त्यांचे मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातील, म्हणजे सावित्रीच्या पलीकडच्या अंगाचे. ते शिक्षणासाठी दोन वेळा परदेशी गेले, दोन्ही वेळा परत आले, आणि तेथे मिळविलेल्या विद्येचा एक मोठा वाटा त्यांनी आपल्या महाडातच खर्च केला. ते ख्रिस्ती नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, हे सर्वांस विदित आहे. परंतु शेजारी कोण हे शिकविताना प्रभूने एका शोमरोन्याचा दाखला दिला. तेव्हा चांगला धडा जेथे सापडेल तेथून घेण्यास ख्रिस्ती मनुष्याने संकोच करू नये.

गावाबाहेर पडणे हे आंबेडकरांच्या घराण्यात नवे नव्हते. ज्या महार जातीत त्यांचा जन्म झाला तिला गावकीच्या कामापलीकडे गावात वाव नव्हता, आणि इंग्रजी पलटण हीच तिला मोकळी झालेली पहिली वाट होती. आजोबा मालोजी सैन्यात होते. वडील रामजी मालोजी सकपाळ हे सुभेदाराच्या हुद्द्यास चढले व लष्करी शाळेत शिक्षक झाले. त्यांची पलटण मध्य हिंदुस्थानात महू येथे असता १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म झाला. पलटणीने या घरास पगार दिला, पेन्शन दिले, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अक्षरओळख दिली, कारण पलटणीतल्या मुलांस व मुलींस शाळा असे. १८९० नंतर लवकरच सरकारने महारांची भरती बंद केली आणि ती वाट मिटली. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. बाहेरून आलेली कमाई पुष्कळ असली तरी ती दुसऱ्याच्या मर्जीवर असते; दार उघडणारा ते लावूही शकतो. मात्र त्या काळात जे शिकून झाले ते कोणास परत घेता आले नाही.

सुभेदार निवृत्त झाल्यावर कुटुंब काही काळ दापोलीस व नंतर साताऱ्यास राहिले. तेथेच आई भीमाबाई वारल्या. मूल तेव्हा पाच-सहा वर्षांचे होते. १९०१ साली सुभेदार सातारा जिल्ह्यात गोरेगाव येथे खजिनदाराच्या कामावर असता त्यांनी मुलांस सुटीत भेटीस बोलाविले. भीमराव, त्यांचे बंधू व बहिणीची मुले नवे कपडे घालून आगगाडीने मसूर स्टेशनास उतरली. अंगावर विलायती तऱ्हेचे सदरे, डोक्यावर भरजरी टोप्या, जवळ पैसे; परंतु जात कळताच गाडीवाले मिळेनात. शेवटी दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक जण तयार झाला. तोही गाडीत बसेना. मुलांनी गाडी हाकावी व त्याने बाजूने चालावे असे ठरले. रात्र पडली. सोबत शिदोरी भरपूर होती, पण पिण्यास पाणी कोणी देईना. जकातनाक्यावरही ते मिळाले नाही, आणि त्या लेकरांनी उपाशी पोटी रात्र काढली. आमच्या वाचकांनी ही गोष्ट मनात धरून ठेवावी. पैसा होता, कपडा होता, अन्नही होते. नव्हते ते इतकेच की, गावाने त्यांस माणूस मानले नव्हते, आणि ती उणीव दुप्पट भाड्याने भरून निघाली नाही.

पुढे कुटुंब मुंबईस आले व परळच्या चाळीत राहू लागले. घरात जागा थोडी, माणसे फार. सुभेदारांची मुलाच्या विद्येवर एवढी निष्ठा होती की, पुस्तकासाठी पैसे नसल्यास ते लेकींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणून गहाण ठेवीत, आणि पेन्शन हाती आले की सोडवून परत देत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. नंतर बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली व एल्फिन्स्टन कॉलेजातून ते पदवीधर झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदारांचा अंत झाला. ज्या झाडास त्यांनी आयुष्यभर पाणी घातले त्याचे फळ त्यांस पाहावयास मिळाले नाही. परदेशी जाऊन मोठा झालेला मनुष्य जगाला दिसतो. त्याच्यामागे बहिणींचे दागिने आणि बापाचे पेन्शन असते, ते कोणास दिसत नाही.

त्याच वर्षी महाराजांनी काही विद्यार्थ्यांस अमेरिकेस पाठविण्याचे ठरविले व त्यांत भीमरावांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी करार झाला. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षांची, नेमलेल्या विषयांचा अभ्यास करावयाचा आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची चाकरी करावयाची, अशा अटी होत्या. कोठे जावयाचे, किती मिळणार, किती काळ राहावयाचे व मागे काय द्यावयाचे, हे सर्व निघण्यापूर्वीच लिहून ठरले होते. जुलै महिन्यात ते न्यूयॉर्क शहरी पोहोचले व कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

तेथे त्यांस जे मिळाले ते खरोखर मोठे होते, आणि ते लहान करून सांगणे आम्हांस योग्य वाटत नाही. अर्थशास्त्राचे सेलिग्मन, तत्त्वज्ञानाचे जॉन ड्यूई यांसारखे गुरू लाभले. ग्रंथालय मोकळे, वर्ग मोकळे, भोजनाचे मेज मोकळे. ज्यास शाळेत वेगळ्या तरटावर बसावे लागले होते त्यास तेथे कोणी उठ म्हणाले नाही. १९१५ साली ते एम.ए. झाले, व १९१६ च्या मे महिन्यात त्यांनी हिंदुस्थानातील जातिसंस्थेवर एक निबंध वाचला. पैशाचे मात्र काटेकोर असे. मिळणाऱ्या रकमेतून घराकरिता वाचवावे लागे, आणि जे हाती राही त्याची जुनी पुस्तके विकत घेतली जात. नंतर ते लंडनला गेले. तेथे अर्थशास्त्राच्या विद्यालयात व ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या संस्थेत नाव घातले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अभ्यास अर्धा टाकून १९१७ साली परतावे लागले. महायुद्ध चालू होते. त्यांची पुस्तके ज्या जहाजातून येत होती ते पाणतीराने बुडाले व तो सारा संग्रह समुद्रात गेला.

इकडे घरी कोण होते? पत्नी रमाबाई. त्या दापोलीजवळील वणंद गावच्या. लहानपणीच आईबाप गेले. काका-मामांनी मुंबईस आणून वाढविले. आणि १९०६ च्या सुमारास भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा धंदा आटोपल्यावर रात्री, त्यांचे लग्न झाले. पती अमेरिकेत व विलायतेत असता परळच्या चाळीतील संसार या माउलीने दारिद्र्यात ओढला. तिला पाच अपत्ये झाली. त्यांपैकी चार लहानपणीच वारली आणि यशवंत एवढे एकच वाचले. पतीची कीर्ती वाढली, पण दादर येथील राजगृह हे स्वतःचे घर उभे राहावयास १९३० नंतरचा काळ उजाडला, आणि त्या घरात तिला फार थोडे दिवस लाभले. २७ मे १९३५ रोजी तिने देह ठेविला. पुढे पाकिस्तानविषयीचा आपला ग्रंथ बाबासाहेबांनी तिच्या स्मृतीस अर्पण केला. आपले परदेशचे दिवस कोणाच्या जिवावर गेले याची त्यांस पुरी जाणीव होती. परदेशगमनाचा हिशेब मांडताना मनिऑर्डरीचे आकडे सर्वांस दिसतात. परंतु घरी राहिलेल्या स्त्रीने किती रात्री एकटीने आजारी मुलाच्या उशाशी काढल्या, याची नोंद कोणत्याही वहीत नसते.

आता परत आल्यावर काय घडले ते ऐकावे. करारान्वये भीमराव १९१७ साली बडोद्यास चाकरीवर हजर झाले. अमेरिकेची व विलायतेची विद्या पदरी होती, महाराजांची मर्जी होती, हुद्दा चांगला होता. परंतु शहरात राहावयास खोली मिळेना. अखेरीस एका पारशी धर्मशाळेत त्यांनी पारशी नाव सांगून आसरा घेतला. ती जागा ओसाड व अंधारी होती. तरी ते राहिले. अकराव्या दिवशी दहाबारा माणसे काठ्या घेऊन आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम देऊन गेली. कचेरीतही निराळी स्थिती नव्हती. शिपाई कागद दुरून टाकीत.

त्या दिवशी ते दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू होता, दुसरा देशी ख्रिस्ती. हिंदू मित्राने सांगितले की, तुम्हांस ठेवले तर घरातील नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला की, पत्नी उद्या यावयाची आहे, तिला विचारून सांगतो. ते घराणे मूळचे ब्राह्मण होते. नवऱ्याचे मन मोकळे झाले होते, परंतु पत्नीचे सोवळे बाप्तिस्म्यानंतरही सुटले नव्हते, आणि तिच्या घरात आपणांस जागा मिळणार नाही हे भीमराव समजून चुकले. रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले. ही हकिकत त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेविली आहे. ख्रिस्ती वाचकाने ती डोळ्यांआड करू नये. अतिथीस घरात घेण्याविषयी आपण दर रविवारी ऐकतो. परंतु ज्या दिवशी एक अतिथी खरोखर दाराशी आला, त्या दिवशी दारावर ख्रिस्ताचे नाव होते आणि आत जात बसलेली होती. ज्या गावात व ज्या मंडळीत असे दार आजही असेल, तेथील तरुण परदेशाकडे का पाहतो हे विचारण्याचे प्रयोजन उरत नाही.

मुंबईस आल्यावर त्यांनी शिकवण्या केल्या व धंदेवाल्यांस सल्ला देण्याचे काम आरंभिले. पण जात कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात दरमहा साडेचारशे रुपयांवर अध्यापकाची जागा मिळाली. त्या काळी ही रक्कम मोठी होती. कोणासही वाटेल की, आता हाल संपले. परंतु त्यांनी राहणी वाढविली नाही. त्याच चाळीत राहून पैसा साठविला, कोल्हापूरचे शाहू महाराज यांनी साह्य केले, मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये उसने दिले, आणि १९२० च्या जुलैत, अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी ते पुन्हा लंडनला गेले. तेथे स्वस्तातली खोली, तुटपुंजे जेवण, आणि ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दार उघडल्यापासून लागेपर्यंत बैठक, असा क्रम चालला. १९२१ साली ते तेथील एम.एस्सी. झाले, १९२२ साली बॅरिस्टर झाले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांच्या प्रबंधास १९२३ साली डी.एस्सी. ही पदवी मिळाली. १९२३ च्या एप्रिलमध्ये ते स्वदेशी आले. परमुलखी राहून मानाने पोट भरता येईल एवढी विद्या आता त्यांच्यापाशी होती. तरीही ज्या देशाने त्यांस पाणी नाकारले होते त्याच देशात ते कायमचे परतले.

आता महाडची हकिकत. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीतारामपंत बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेकौन्सिलात पास झाला की, सरकारी किंवा सार्वजनिक खर्चाने बांधलेली पाणवठ्याची ठिकाणे, शाळा, धर्मशाळा व दवाखाने अस्पृश्यांस मोकळी असावी. १९२४ च्या आरंभी महाडच्या म्युनिसिपालिटीने चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. परंतु ठराव दप्तरात राहिला आणि तळ्याकाठी पूर्वीचीच रीत चालू राहिली. तळ्यावर गुरे पाणी पीत. महारचांभारांस मात्र बंदी. पलटणीत राहिलेले, मुंबईत पगार मिळविलेले शेकडो पेन्शनर या भागात होते. त्यांच्या गाठीस पैसा होता. गावच्या पाण्यावर हक्क नव्हता.

तेव्हा दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे, महाडचे सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे आदी मंडळींच्या खटपटीने १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडास कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि बाबासाहेब अध्यक्ष झाले. गावोगावचे हजारो लोक चालत आले. दुसऱ्या दिवशी सर्व जण शिस्तीने तळ्यावर गेले. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले व मागून लोकांनी घेतले. त्यानंतर, हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी खोटी आवई उठली आणि परत जाणाऱ्या निरपराध माणसांवर लाठ्या पडल्या. लोक पुष्कळ होते. मनात आणते तर उलट मारू शकले असते. परंतु त्यांस आवरून धरण्यात आले. यानंतर तळे बाटले असे मानून त्याचे शुद्धीकरण करण्यात आले.

डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली. मुंबईची मंडळी बोटीने दासगाव बंदरास उतरून पायी महाडास आली. मंडपासाठी जागा कोणी देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. २५ डिसेंबर १९२७ रोजी तेथे मनुस्मृतीचे दहन झाले. तळे खाजगी मालकीचे आहे असा दावा करून काही रहिवाशांनी दिवाणी कोर्टाची तात्पुरती मनाई मिळविली होती. म्हणून बाबासाहेबांनी कोर्टाचा मान राखून सत्याग्रह तहकूब केला आणि दावा लढविण्याचे पत्करले. ते काम दहा वर्षे चालले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला की, अस्पृश्यांस या तळ्यावर मज्जाव करणारी कायद्यास मान्य होईल अशी पुरातन रूढी शाबीत झालेली नाही. ग्रेज इनमध्ये उपाशी पोटी शिकलेला कायदा सावित्रीच्या काठी असा उपयोगी पडला. याकोबाच्या विहिरीवर प्रभूने शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागितले, तेव्हा यहूदी व शोमरोनी यांचा पाण्याचा व्यवहार बंद होता. तो प्रसंग वाचताना चवदार तळे आठवणार नाही असा आमचा वाचक या तालुक्यांत तरी नसावा.

तळ्यावरच ते थांबले नाहीत. आमचे लोक गाव का सोडतात, याचे दुसरे कारण खोती होती. कोकणात खोत हा सरकार व कूळ यांच्यामध्ये बसून वसुली करी. कुळाने कितीही राबावे, पीक घरात राहत नसे आणि जमीन आपली म्हणता येत नसे. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल मांडले, व १९३८ च्या जानेवारीत कोकणातील हजारो कुळांचा मोर्चा मुंबईस कौन्सिल हॉलवर नेला. त्यांत सर्व जातींचे शेतकरी होते. ते बिल तेव्हा पास झाले नाही. खोती नाहीशी करणारा कायदा १९४९ साली झाला. परदेशची विद्या आणून त्यांनी घराचेच कारण दूर करण्याचा यत्न केला, म्हणजे उपाशी राहून गाव सोडण्याची सक्ती कोणावर नसावी. अस्पृश्य विद्यार्थ्यांस उच्च शिक्षणासाठी व परदेशी जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्त्या मिळाव्या म्हणूनही ते झटले. जे दार एकट्यास उघडले होते ते त्यांनी आपल्यामागे लावून घेतले नाही.

१९४७ साली ते राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. २६ जानेवारी १९५० पासून अंमलात आलेल्या त्या घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि पंधराव्या कलमात विहिरी, तळी व स्नानाचे घाट ही नावे उच्चारून सांगितली आहेत की, सार्वजनिक खर्चाच्या अशा ठिकाणी धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणास अडवू नये. मसूरच्या वाटेवर तहानलेले मूल व महाडच्या तळ्यावर मार खाल्लेले लोक त्या कलमात आम्हांस दिसतात. १९५२ साली कोलंबिया विद्यापीठाने त्यांस सन्मानाची पदवी दिली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे त्यांचा अंत झाला.

हे चरित्र समोर ठेवून आता मूळ प्रश्नाकडे वळू. परदेशी गेल्याने कुटुंबाचे बरे होते काय? होते, ते नाकारणे खोटेपणाचे होईल. जी विद्या व जी माणुसकी भीमरावांस स्वदेशी कोणत्याही किमतीस मिळाली नसती ती न्यूयॉर्क व लंडन येथे मिळाली. आज जो तरुण आखातात जाऊन बहिणीचे लग्न करितो, बापाचे कर्ज फेडितो, कौलारू घर पक्के करितो, त्याची कमाई प्रामाणिक आहे. योसेफ मिसर देशात गेला नसता तर याकोबाच्या घरास दुष्काळात धान्य मिळाले नसते.

परंतु जाणारा कोणत्या अटीवर जातो यावर बहुतेक सर्व अवलंबून आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातील पुष्कळ मजूर करारावर मॉरिशस बेटात उसाच्या मळ्यांवर गेले. कितीकांस अंगठा कशावर उठविला हेही कळले नव्हते. त्यांच्या नातवंडांनी पुढे तेथे शाळा व घरेदारे केली हे खरे; पण पहिल्या पिढीची पाठ त्यात मोडली. भीमरावांच्या हाती मात्र कागद होता आणि त्यावरील प्रत्येक अट त्यांस समजलेली होती. यास्तव आमचे सांगणे असे की, एजंट सरकारदरबारी नोंदलेला आहे काय हे आधी पाहावे. कराराचा कागद समजेल अशा भाषेत वाचून घ्यावा व त्याची एक प्रत घरी ठेवावी. पगार, काम, मुदत व परतीचे भाडे ही चारही लिहून घ्यावी. सर्व जमीन एका मुलाच्या तिकिटासाठी गहाण टाकू नये. पैसे घरी पाठवावयाचे ते पत्नीच्या किंवा आईच्या स्वतःच्या खात्यावर यावे.

त्याचप्रमाणे जाण्याचा निर्णय एकट्या पुरुषाने करू नये. ज्याचा खर्च रमाबाईंसारख्या स्त्रीच्या अंगावर पडावयाचा, त्यात तिचा शब्द असावा. म्हातारे आईबाप कोण पाहील, मुलांची शाळा कोण पाहील, हे ठरल्यावाचून पासपोर्ट काढणे म्हणजे पाया न घालता भिंत उचलणे होय.

आणि शेवटी, परदेशची कमाई घरी आली म्हणजे गाव आपोआप बदलत नाही. मसूरला दुप्पट भाडे देऊनही पाणी मिळाले नाही. बडोद्याला एवढ्या विद्येसही खोली मिळाली नाही. बदल झाला तो तेव्हा, जेव्हा शिकलेला मनुष्य परत येऊन गावच्या बंद पाणवठ्यावर उभा राहिला आणि गावोगावचे लोक त्याच्यासोबत उभे राहिले. मोशे फारोच्या घरी सर्व विद्या शिकला, परंतु देवाने त्यास बोलाविले ते त्याच्या वीट थापणाऱ्या बंधूंकडे. सर्वांनी परत येऊन राहावे असे आम्ही म्हणत नाही. पण ज्यास हजार रुपये मिळाले त्याने ते जमिनीत पुरू नयेत, मग ती जमीन परदेशची असो की गावची. कमाईतून एका गरीब मुलाची फी भरावी, एका वाडीचे पाणी जवळ आणावे, परतल्यावर शिकलेले कसब दहा जणांस शिकवावे.

उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे की, ज्या घरचा मनुष्य परदेशी आहे त्या घरी आठवड्यातून एकदा तरी जावे, तेथील स्त्रीस पत्र लिहिण्यास, बँकेच्या व सरकारी कागदांस मदत करावी, आणि मंडळीच्या प्रार्थनेत जाणाऱ्याबरोबर मागे राहिलेल्यांचीही नावे घ्यावी. तसेच आपल्या मंडळीत पंगतीस, पाण्यास किंवा सोयरिकीस जात विचारली जात असेल तर ती चाल प्रथम बंद करावी. हे काम महाडात व पोलादपुरातच करावयाचे आहे. त्यासाठी कोणास परदेशी जावे लागत नाही.